तापीअक्कांचा ढोल

देवपुरात आमच्या गल्लीत एका वर्षी तीन पुरुषांना पाटावर बसवून, हातात पोह्यांची बशी देऊन विचारण्यात आलं, "घरात कोण कोण असतं? स्वयंपाक येतो का? बरं, जरा उठून चालून दाखवा." विचारणाऱ्या आम्ही पाचसहा बायका समोर सतरंजीवर बसलेल्या. प्रश्न शोधायला कुणालाच त्रास पडला नाही, कारण आमच्यातल्या प्रत्येकीला कधी ना कधी तेच विचारलेले होते. फक्त हा कार्यक्रम सोयरिकीचा नव्हता. आम्हाला ढोल शिकवायला मास्तर पाहिजे होता. आम्हाला म्हणजे खरं तर तापीअक्कांना. बाकीच्या आम्ही नुसत्या मुलाकडच्या.

तापीअक्का माझ्या घरमालकीण. मी पहूरची. स्वराज्य येऊन पाचसहा वर्षं झाली होती आणि मी धुळ्याला मुलींच्या शाळेत नवीनच मास्तरीण लागले होते. खोली बघायला गेले तेव्हा अक्कांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही. "गाता येस का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "प्रार्थना येते." त्या म्हणाल्या, "चाली. सूर नंतर देखू." खोली मिळाली. सूर मात्र त्यांनी नंतरही फारसा बघितला नाही, बघितला असता तर मला सामान उचलावं लागलं असतं.

उंच, सडसडीत बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू, पदर कायम खोचलेला, आणि मान ताठ. ती मान पाण्याने घडवलेली होती. लहानपणापासून नदीवरून पाणी वाहिलेलं. नळ आमच्या गल्लीत तेव्हा यायचा होता. अक्का डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी घेऊन पांझरेवरून यायच्या आणि हात मोकळे सोडायच्या. मोकळे म्हणजे रिकामे नव्हेत. चालता चालता त्या देवाच्या वाती वळायच्या, मेथी निवडायच्या. एकदा तर गल्लीच्या तोंडाशी एका भाजीवाल्याशी दोन्ही हात नाचवत कडाकडा भांडल्या आणि कळशीतला थेंब सांडला नाही. मी आ वासून बघत होते. मला म्हणाल्या, "डोकानं काम डोकं करस, पोरी, हातनं काम हात करस. दोन्हीसमा भांडन कसाले लावानं?"

चारचौघांत मी 'मास्तरीनबाई' असायची, घरात 'पोरी'. एखाद्या दिवशी घरातही 'मास्तरीनबाई' अशी हाक आली की समजायचं, काहीतरी चुकलंय.

त्यांचे यजमान नाना. जन्म कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, गेला, आणि त्या यंत्रांच्या घरघरीत कान गेले. स्वभाव गायीचा. अक्का त्यांना सगळं सांगायच्या, आणि नानांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं. त्यामुळे अक्कांचं कुठलंही गुपित आधी गल्लीला कळायचं, मग नदीपलीकडे, आणि सगळ्यात शेवटी नानांना. एकदा त्यांनी नानांच्या कानाला तोंड लावून सांगितलं की जनाबाईचे लाडू दगडासारखे झालेत, कुणाला सांगू नका. जनाबाई म्हणजे त्यांची धाकटी जाऊ, भिंतीपलीकडेच राहायची. पुढचे पंधरा दिवस दोघी एकमेकींशी भिंतीमार्फत बोलत होत्या.

आता ढोलाकडे येते. खानदेशाबाहेरच्यांना कानबाई सांगावी लागेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाची देवी. तिला नथ, खण, दागिने घालून चौरंगावर बसवतात. भाऊबंद जमतात, घरी दळलेल्या गव्हाचे रोट होतात, गाणी होतात, आणि सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतात. अडचण एवढीच की गावातल्या साऱ्या कानबाया त्या एकाच सकाळी निघतात. वर्षभर ओसरीत बिड्या फुंकणाऱ्या ढोलवाल्यांना त्या दिवशी सोन्याचा भाव.

अक्कांच्या घराची रीत अशी की कानबाई थोरल्या सुनेने उचलायची, आणि एकदा उचलली की नदीपर्यंत खाली टेकवायची नाही. मी आले त्या श्रावणात अक्कांनी चुंबळ ठेवली, नानांनी चौरंग उचलून त्यांच्या डोक्यावर दिला, आणि अक्का उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. ढोलवाला हिरामण "आत्ता येस" म्हणून गेलेला. तो काही येईना. इकडून एक ढोल वाजत गेला, तिकडून एक गेला. शेजारच्यांची कानबाई गेली, समोरच्यांची गेली. उन्हं अंगणात उतरली, अक्का उभ्याच. शेवटी कुणीतरी बातमी आणली की हिरामण कापसाच्या दलालाच्या दारी वाजवतोय.

अक्का उंबऱ्यातून जोरात म्हणाल्या, "स्वराज उनं, पन ढोलवाला नही उना!"

सगळी गल्ली हसली. अक्का हसल्या नव्हत्या. मग कुणीतरी नानांच्या हातात थाळी आणि पळी दिली आणि मिरवणूक निघाली. नानांनी थाळी मनापासून वाजवली, पण त्यांची थाळी आमची गाणी ऐकू शकत नव्हती. आम्ही एका चालीत, थाळी दुसऱ्या. नदीवर पोहोचल्यावर जनाबाई पाण्याकडे बघत, जणू पाण्यालाच सांगावं तशी म्हणाली, "आमना माहेरले देव असा मुका नही जास."

त्या आठवड्यात नानांच्या कानात कुणी ओरडलं नाही आणि गल्लीला बातम्याच मिळाल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. कुणाचा तरी देव मुका गेला हे दुःख शाळेत शिकलेल्या माणसाला बारीक वाटेल, पण मी त्या उंबऱ्यात त्यांचा चेहरा पाहिला होता.

दिवाळीनंतर एका दुपारी अक्कांनी गल्लीतल्या बायका जमवल्या आणि जाहीर केलं, "येत्या कानबाईले ढोल आपला आपन वाजाडाना." कुणीतरी सुचवलं की दुसरा ढोलवाला आतापासून ठरवून ठेवू. अक्का म्हणाल्या, "तो तिसराना दारमा जाई." ढोल नानांनी आणला. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या तालमीत एक फाटका ढोल पडून होता. तालमीच्या चाचांना वाटलं, नाना या वयात ठेक्यावर जोर-बैठका काढणार म्हणून ढोल नेताहेत. त्यांनी नानांची पाठ थोपटली आणि रोज दूध प्यायला सांगितलं. नानांना काहीच ऐकू आलं नव्हतं, म्हणून त्यांनी मान डोलावली. मोहल्ल्यातल्याच एका कारागिराने नवं कातडं चढवून दिलं. ढोल तयार झाला. राहिला मास्तर.

"मास्तर कसा निवडायचा, अक्का?" मी विचारलं.

"जसं आम्हले निवडं तसं," अक्का म्हणाल्या. "पाट मांडा. पव्हा करा."

पहिले आले ते एका बुडालेल्या नाटक कंपनीतले तबलामास्तर. टोपी तिरकी, तोंडात पान, केस खांद्यावर. पाटावर बसताना त्यांना जरा शंका आली, पण समोर पोहे आले म्हणून बसले. म्हणाले, "स्त्रियांची बोटं नाजूक. पहिलं वर्ष नुसतं ऐकायचं. दुसऱ्या वर्षी टाळी धरायची."

"आनि ढोल?" अक्कांनी विचारलं.

"ढोल हे वाद्य नव्हे, बाई. तो गोंगाट आहे."

अक्कांनी आपले तळवे त्यांच्यासमोर धरले. जात्याच्या खुंट्याने पडलेले घट्टे होते. मग मास्तरांच्या बोटांकडे बघितलं. ती खरंच नाजूक होती. "बरं," अक्का म्हणाल्या, "उठीसन चालीसन दखाडा."

दुसरा कुणी चिडून निघून गेला असता. पण नटांच्या संगतीत आयुष्य गेलेलं. चालून दाखवा म्हटल्यावर त्यांच्या अंगात काहीतरी शिरलं. ते उठले, उपरणं झटकलं, छाती काढून राजासारखी पावलं टाकत दारापर्यंत गेले आणि गर्रकन वळले. आम्ही टाळ्या वाजवल्या. ते खूश होऊन गेले. ते गेल्यावर अक्कांनी निकाल दिला, "पोऱ्या चांगला शे. पन बोलस भलता." पोऱ्या पन्नाशीचा तरी असेल.

दुसरे एक महाराज, नदीकाठच्या एका खेड्यात कीर्तनाला मृदंगावर बसणारे. परस्त्रीचं तोंड बघायचं नाही असा त्यांचा नेम. ते पाटावर बसले, पण भिंतीकडे तोंड करून. आम्ही सगळे प्रश्न त्यांच्या शेंडीला विचारले. चालून दाखवण्याचा प्रश्नच नव्हता, पुढे भिंत होती. शिकवणार कसं, तर म्हणाले, "मी ओट्यावर बसून बोल म्हणेन. तुम्ही आतून वाजवा. कानाला सगळं कळतं."

अक्कांचे डोळे चमकले. मला ते चमकणं ओळखू येत होतं. मी पदर तोंडाला लावून ठेवला.

महाराज ओट्यावर बसले आणि बोल म्हणू लागले. आत अक्कांनी ढोलाला हात लावला नाही. त्यांनी उखळात लाल मिरच्या टाकल्या आणि मुसळ उचललं.

"वा," ओट्यावरून आवाज आला. "उजवा हात जरा दाबून."

अक्कांनी मुसळ दाबून मारलं.

"आता बरोबर. आता डावा हात हळूच येऊ द्या."

अक्कांनी मुसळ डाव्या हातात घेतलं. तोवर तिखटाचा खकाणा घरभर झाला होता. आतून आम्ही खोकतोय, शिंकतोय, डोळ्यांतून पाणी, आणि बाहेर महाराजही खोकत खोकत सांगताहेत, "लय सोडू नका! लय चांगली बसतेय!" निघताना अक्कांनी ताज्या तिखटाची पुडी केळीच्या पानात बांधून त्यांच्या पाठीमागे ठेवली. "महाराज, आजनी विद्या." महाराजांनी ती भिंतीकडे तोंड करूनच स्वीकारली.

यानंतर तिसरा उमेदवार येईना. गोष्ट गावभर झाली होती. देवपुरातल्या बायका वाजवणाऱ्यांना पाटावर बसवतात म्हटल्यावर कोण येणार? पौष गेला, माघ निम्मा गेला. ढोल कोपऱ्यात उभा. जनाबाई भिंतीपलीकडून विचारायची, "अक्का, ढोलवर लुगडं वाळत घालाले बरं पडस ना?" अक्का उत्तर द्यायच्या नाहीत, पण त्या दिवशी भाकऱ्या जाड व्हायच्या.

आणि एक दिवस अंगणात हिरामण येऊन उभा राहिला.

काळासावळा, काटक, चाळिशीचा माणूस. मिशा भरघोस, डोळे मिस्कील. अक्कांनी त्याला बघितलं आणि आत तोंड करून मला म्हणाल्या, "मास्तरीनबाई, त्याले इचारा, आते कसाले उना?" हिरामण समोर पाच हातांवर उभा असताना मी त्याला विचारलं, तुम्ही आता कशाला आलात?

"ऐकं की आठे पव्हा भेटतस," हिरामण म्हणाला.

बायकांत खसखस पिकली. अक्का ताडकन ओट्यावर गेल्या. "मन्हा देव मुका गया तुन्हामुळे. दारमा उभं ठेवं मी देवले!"

हिरामणाने मान खाली घातली. मग म्हणाला, "अक्का, मन्हा हात दोन, आनि कानबाया पन्नास. कोठे बी गऊ तरी एकोनपन्नास घर शिव्या देतस. तुम्ही शिकी ल्या. मन्ही एक शिवी तरी कमी व्हई."

इतकं खरं बोलणं ऐकायची आम्हाला सवय नव्हती. पोहे देण्यात आले. पण पाटावर नाही. हिरामण ओट्याच्या पायरीखाली, अंगणातच उकिडवा बसून ते खाऊ लागला. ढोलवाल्यांनी अंगणातच थांबायचं अशी सगळ्या गल्लीची रीत होती, आणि ती रीत आहे हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही येत नसे. पोहे खाताखाता तो रंगात आला. म्हणाला, मला कुणी गुरू नाही, बोल मी माझेच बांधले. ज्या घरी जसं वागवतात तसा त्या घराचा बोल. एका पाटलाच्या दारी तासन्‌तास वाजवून चहा मिळत नसे, त्याचा बोल "चाहा नही, पानी नही, वाजाड वाजाड म्हने." त्याने तो ढोलावर वाजवून दाखवला. हुबेहूब. आम्ही हसून लोळलो.

"आनि आमना घरना?" अक्कांनी विचारलं. "आमना बी बोल व्हई ना?"

हिरामणाने ढोल बाजूला सरकवला. "जाऊ द्या, अक्का."

"वाजाड."

त्याने वाजवलं. तोंडाने काही म्हटलं नाही. सुंदर बोल होता, ठाय लयीचा, भारदस्त, दर खेपेला शेवटी एक अडलेली थाप. सगळ्या गल्लीने तो दर कानबाईला ऐकला होता, त्यावर फुगड्या घातल्या होत्या. अक्का म्हणाल्या, "शब्द सांग." हिरामण जमिनीकडे बघत म्हणाला:

"आंगनमाच थांब, आंगनमाच थांब, पायरी चढू नको."

कुणी हसलं नाही. अक्का आत वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पाट मांडा." एक म्हातारी पुटपुटली, घरात कसं बोलवायचं, आजवर कधी… अक्का म्हणाल्या, "ज्याकडथून शिकानं, तो पाटवर बठस. आते हाई घरनी रीत." हिरामण पायरी चढला. पाटाच्या अगदी कडेला बसला. अक्का समोर बसल्या, गंभीर तोंड केलं आणि म्हणाल्या, "घरमा कोन कोन शे? सयपाक येस का? बरं, उठीसन चालीसन दखाडा."

हिरामण उठला, चालला, डोक्यावर पदर घेतल्यासारखं करून लाजला, आणि पसंत पडला. त्या दिवसापासून तो गल्लीचा हिरामणभाऊ झाला. मीही आता तसंच म्हणते.

शिकवणी दुपारी, माझी सकाळची शाळा सुटल्यावर आणि पुरुषमंडळी कामावर असताना. नाना घरी असत, पण त्यांना ढोल ऐकू येत नसे, फक्त पायाखालची जमीन हलते म्हणून अधूनमधून ते छताकडे बघत. सुरुवातीला पाच जणी होतो. एकीच्या सासूने तक्रार केली की आवाजाने कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या. एकीचा नवरा सुरतेहून परत आला आणि तिची हौस त्याच गाडीने गेली. शिंपीणबाईचा हात खरोखर चांगला, पण ती आषाढात बाळंतपणाला माहेरी गेली. माझ्याबद्दल हिरामणभाऊंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "मास्तरीनबाई, तुम्ही झांज ल्या." आठवड्याने म्हणाले, "झांज हळू वाजाडा." त्यानंतर ते काही म्हणाले नाहीत, फक्त मी आले की ढोल जरा लांब सरकवत.

राहिल्या अक्का. हात त्यांचा दणकट, ताल चोख. आग्रहाने त्यांनी पहिला शिकून घेतला तो आपल्याच घरचा बोल, अंगणाचा. पण एक दुखणं काही जाईना. ढोल वाजवणाऱ्याची मान ठेक्याबरोबर डोलते. हिरामणभाऊंचं म्हणणं, ठेका मानेत आधी येतो, हातात मागून. अक्कांची मान खांबासारखी. हात धडाधड चाललेत आणि वर डोकं जागच्या जागी. हिरामणभाऊ कपाळाला हात लावत, "मान हालाडा, अक्का, मान! ढोल वाजाडी ऱ्हायनात का पानी वाही ऱ्हायनात?" कधी स्वतः समोर बसून मान डोलावून दाखवत, कधी मला अक्कांच्या कानाशी बोट धरून उभं करत. अक्का दात-ओठ खाऊन मान हलवायचा प्रयत्न करत, की लगेच हात थांबत. त्या चिडून म्हणत, "तुले ढोल पाहिजे का मान?" ते म्हणत, "दोन्ही!" चैत्र, वैशाख, सगळा उन्हाळा हे भांडण चाललं. भिंतीपलीकडे जनाबाईला 'मान हालाडा' पाठ झालं होतं, ती नदीवर धुणं आपटताना ते म्हणायची.

श्रावण आला. रविवारी कानबाई बसली, रोट झाले, गाणी झाली. सोमवारी सकाळी अक्का नवं हिरवं लुगडं नेसून, गळ्यात ढोल अडकवून, उजव्या हातात काठी आणि डाव्या हातात बारीक छडी घेऊन अंगणात उभ्या राहिल्या. हिरामणभाऊ यायचे नव्हते, दलालांकडे त्यांची सोमवारची बांधिलकी होती, आणि त्यांनी यावं अशी अक्कांची इच्छाही नव्हती. म्हणाल्या, "आज माले मन्हा हातनं जाऊ दे." बायका नटूनथटून जमल्या, मी झांज घेऊन तयार. अक्कांच्या चुलतसासूबाईंनी ओवाळलं आणि सहज विचारलं, "आते कानबाई कोन उचली?"

आपण हसाल, पण वर्षभर आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. मास्तर शोधला, ढोल मढवला, कोंबड्यांची अंडी गेली, मानेवरून महाभारत झालं, आणि कानबाई उचलायची ती थोरल्या सुनेनेच, म्हणजे अक्कांनीच, हे सगळ्या विसरल्या होत्या. स्वतः अक्कासुद्धा. ढोल वाजवणारी दुसरी कुणी नव्हती. आणि कानबाई एकदा दुसरीच्या डोक्यावर गेली, की तो मान तिचा कायमचा, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

जनाबाईला तर नक्कीच. ती पदर खोचून पुढे आली. तिच्या बोलण्यात साखर होती. "द्या ना, अक्का, मी लेस. तुम्ही खुशाल वाजाडा."

अक्कांनी एकदा ढोलाकडे बघितलं, एकदा कानबाईकडे. मिरच्यांचा दिवस सोडला तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या एकदाच पाहिलं. त्या ढोलाचा पट्टा गळ्यातून काढायला हात वर नेत होत्या. म्हणजे पुन्हा थाळी, पुन्हा मुका देव. मी काय करणार, मला झांजही येत नव्हती.

तेवढ्यात नाना आतून चौरंग घेऊन आले. त्यांना कुणाचं बोलणं ऐकू आलेलं नव्हतं. आरती झाली की चौरंग उचलून बायकोच्या डोक्यावर द्यायचा, एवढं त्यांना ठाऊक. जनाबाईने हात पुढे केले होते, तिला वळसा घालून ते सरळ अक्कांसमोर गेले. अक्कांनी मुकाट्याने डोक्यावर चुंबळ ठेवली, सवयीने मान ताठ केली, आणि चौरंग वर बसला. अक्कांचे दोन्ही हात त्याला धरायला गेले. धरला. क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी एक हात सोडला. मग दुसरा सोडला.

कानबाई जागची हलली नाही.

"अक्का!" चुलतसासूबाई किंचाळल्या. अक्का म्हणाल्या, "डोकानं काम डोकं करी," आणि काठी ढोलावर पडली.

पुढच्या वर्षी माझी बदली जळगावला झाली. अक्कांना मी नंतरही भेटले, पण त्या आठवतात त्या अशाच, पाठमोऱ्या. डोक्यावर नथ घातलेली कानबाई, गळ्यात ढोल, लुगड्याचा हिरवा काठ चिखलाने भरलेला, आणि मागे आम्ही. बोल त्यांच्याच घरचा होता, अंगणाचा. ओट्याओट्यांवरचे लोक टाळ्यांचा ठेका धरत होते. त्यातले शब्द आम्हा थोड्याजणींनाच माहीत होते. जनाबाईसुद्धा फुगडी घालायला लागली.

नदीकडे उतरायच्या वळणावर मागून दलालांची कानबाई आली. मोठी मिरवणूक, छत्री, आणि पुढे हिरामणभाऊ. त्यांनी अक्कांना पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. दलालांच्या घरचे ओरडायला लागले, पण ते वाजवेनात.

अक्कांना वळून बघता येत नव्हतं. समोर बघतच त्यांनी विचारलं, "पोरी, हिरामन देखी ऱ्हायना का?"

"बघताहेत, अक्का. वाजवायचे थांबलेत."

आणि मग ते झालं. आनंदच तसा होता. अक्कांचा हात द्रुतात गेला, खांदे सैल सुटले, आणि सबंध उन्हाळाभर जी हलली नाही ती मान ठेक्याबरोबर डोलू लागली. डोक्यावर कानबाईची नथ थरथरली. चौरंग एका बाजूला कलला.

मागून, सगळ्या ढोलांच्या वरून, हिरामणभाऊंचा आवाज आला:

"मान हालाडू नका, अक्का! तुम्हले मन्ही आन शे, मान हालाडू नका!"

मान ताठ झाली. कानबाई सरळ झाली. ढोल थांबला नव्हता. अक्का हसताहेत हे मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं, आणि त्या तशाच वाजवत वाजवत पांझरेच्या पाण्यात उतरल्या.